चित्र, गाणं आणि पी.टी.चा तास सगळ्या वर्गाचा असतो

प्रश्न: मी संगीत विशारद आहे. जूनपासून बडोद्याच्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत रुजू झाले. घेतलं होतं संगीतासाठी, पण पहिली ते पाचवीची चित्रकला आणि पी.टी.ही माझ्याकडेच आली. एका वर्गात अठ्ठेचाळीस मुलं. दर वर्गाला आठवड्यातून संगीताचा एक, चित्रकलेचा एक आणि पी.टी.चे दोन तास. सिस्टर प्रिन्सिपलचा सगळा भर ख्रिसमसच्या कार्यक्रमावर आणि जानेवारीतल्या ॲन्युअल डेवर दिसतो. घरी विचारतात, तिथे ख्रिस्ती गाणीच शिकवावी लागणार ना? मी सरगम शिकवली तर चालेल का? पी.टी.चं तर मला काहीच येत नाही. शिवाय शाळेची गायनमंडळी निवडायचंही काम आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, सुरुवात वेळापत्रकापासून करा, डिसेंबर-जानेवारीपासून नको. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा सांगितली आहे. तुमचे आठवड्याचे चार तास सुट्या आणि परीक्षा वजा जाता एका वर्गामागे सव्वाशेच्या आसपास भरतात. ॲन्युअल डेला त्या वर्गाच्या वाट्याला स्टेजवर चार-पाच मिनिटं येतात, आणि तीही बहुतेक शाळांत निवडलेल्या सोळा-वीस मुलांना. उरलेली अठ्ठावीस-बत्तीस मुलं नोव्हेंबरपासून भिंतीला टेकून तालीम बघत बसतात. त्यांचेही तेच सव्वाशे तास होते. मी याच शहरात, याच प्रकारच्या शाळांत हे विषय शिकवत आले आहे, आणि माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती फिरतं: तास सगळ्या वर्गाचा आहे, आणि कार्यक्रम तासातून निघाला पाहिजे.

त्याच कायद्यातली आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ शिक्षकांची तरतूद आहे ती सहावी ते आठवीला, तीही शंभराहून जास्त मुलं असतील तिथे. पहिली ते पाचवीला अशी तरतूदच नाही. म्हणून प्राथमिक वर्गांत हे विषय बहुधा वर्गशिक्षिकेच्या फावल्या वेळात ढकलले जातात, किंवा तुमच्यासारख्या एकीच्या गळ्यात तिन्ही पडतात. गणिताचा पोर्शन राहिलाय म्हणून तुमचा तास मागायला कुणीतरी येणारच. तास जरूर द्या, पण बदल्यात त्यांचा कुठला तास कुठल्या वारी मिळणार ते तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या. आणि गृहपाठ केला नाही म्हणून एखाद्या मुलाला पी.टी.तून काढून वर्गात बसवलं जात असेल, तर तिथे मात्र ठाम राहा. बसवून ठेवलेलं मूल बहुतेक वेळा तेच असतं ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज असते.

आता धर्माचा प्रश्न, कारण घरच्यांना तोच मोठा वाटतोय. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो, बाकीच्यांना त्या वेळी मूल्यशिक्षण. तुमचा संगीताचा तास या दोन्हींत मोडत नाही. असेंब्लीत भक्तिगीत असेल, ते तुम्हाला बसवावं लागेल, आणि ते मनापासून बसवा. त्याचा अर्थ सिस्टरांना विचारून घ्या, शब्द कुठे तोडायचा ते समजून घ्या, आणि त्याला सिनेमाची चाल कधीही लावू नका. कॅथलिक मुलांसाठी ती प्रार्थना असते.

सरगम चालेल का, असं विचारलंत. चालेल. सिस्टरांना पटवायला तुम्हाला बाहेरचा दाखला शोधावा लागणार नाही, त्यांच्या चर्चचाच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात मिशनच्या प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा आणि शाळांतूनही तिला उत्तेजन द्यावं असं स्पष्ट सांगितलं आहे. गुजरातच्या चर्चमध्ये गुजराती भजनं आणि ख्रिस्ती गरबे त्याच वाटेने आले. आणि मराठीत तर ही वाट फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्तपुराण रचलं ते ओवीत, आणि ते छापलं गेलं १६१६ साली. चौथी-पाचवीला ओवीची चाल शिकवाल तेव्हा हे आवर्जून सांगा. आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी आणि चर्चच्या भिंतीआडची ओवी एकाच चालीत म्हणता येते, हे कळलं की मुलांचे डोळे मोठे होतात.

संगीत तुमचा हातखंडा, म्हणून तिथे कुठे अडखळाल ते आधी सांगते. पट्टीवर. तुमच्या रियाजाचा सा हार्मोनियमची काळी चार किंवा पांढरी सहा असेल. ती पट्टी पहिली-दुसरीच्या मुलांना लावली की त्यांना सा खाली पोचतच नाही. मुलं गुरगुरतात, आणि आपण म्हणतो वर्ग बेसूर आहे. या वयाचा मोकळा आवाज साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून त्याच सप्तकातल्या पांढरी सहापर्यंत असतो. म्हणजे सा पांढरी दोन ठेवला की सा ते प हे पाच स्वर सुखाने येतात. पहिली-दुसरीची गाणी या पाच स्वरांतली निवडा. तार सा तिसरीपर्यंत राहू द्या. तुमचा गळा त्या पट्टीत सहज चालेल. पुरुष शिक्षक गातो तेव्हा मुलं त्याच्या सप्तकात उतरायला बघतात, ती अडचण तुम्हाला नाही.

दुसरं, पहिले दोन महिने हार्मोनियम बंद ठेवा. अठ्ठेचाळीस मुलं, वर पंखा, त्यात भात्याचा आवाज. मूल स्वतःचा आवाज ऐकू शकत नाही, आणि जो स्वतःचा आवाज ऐकत नाही तो सुरात येणार कसा? फोनवर तानपुरा लावा आणि हाकेचा खेळ घ्या. तुम्ही प–ग या दोन स्वरांवर एकेका मुलाचं नाव गायचं: "रो–हन", "मरि–या". त्याने त्याच दोन स्वरांवर "आ–ले" म्हणायचं. दारातून "आ–ई" ओरडताना मुलं हेच अंतर घेतात, म्हणून हा खेळ शिकवावा लागत नाही. एका तासात दहा-बारा मुलं होतात. ज्याला स्वर मिळत नाही त्याला तुमचा स्वर मिळवायला लावू नका. तो जो स्वर लावेल तो तुम्ही उचला, आणि तिथून एकेक पायरी दोघे मिळून वर या. आपला स्वर समोरच्याशी जुळला म्हणजे कानात कसं लागतं, हे त्याला एकदा कळू द्या. पुढचं बरंच काम तो स्वतः करतो. बहुतेक मुलं आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत सुरात येतात, जर मध्येच कुणी "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं नाही तर. हे वाक्य तुमच्या वर्गात उच्चारलं जाता कामा नये. ते ऐकलेली माणसं साठीला आली तरी आरतीलासुद्धा तोंड उघडत नाहीत, अशी मी पाहिली आहेत.

ताल पायांतून शिकवा. कूच करताना केरवा, डुलत चालताना दादरा. आपल्या बडोद्याच्या मुलांना तर सहा मात्रांचा हींच हा गरब्याचा ताल अंगातच असतो. तीन टाळ्यांचा गरबा पाच वर्षांचं मूलही चुकत नाही. सप्टेंबरमध्ये त्याच टाळ्या धरून मात्रा मोजायला लावा, मग "धा धिं ना, धा तिं ना" त्यावर ठेवा. स्वरलेखन चौथीच्या आधी नको. तोपर्यंत हाताने वर-खाली दाखवणं पुरे. चौथीत मात्र मुलांना सुरसागर तलावाच्या काठी घेऊन जा. तिथली आजची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी म्हणजे सयाजीरावांच्या काळात गायक मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा. गाणं स्वरलिपीत उतरवून वर्गात सगळ्यांना शिकवता येतं, हे या माणसाने त्या काळी करून दाखवलं. मुलांसाठी त्यांनी पाठ्यपुस्तकं केली. पिढीजात घराबाहेरच्या मुलांना गाणं मिळावं म्हणून हा खटाटोप होता, आणि तुमचा तास त्याच ओळीत बसतो.

पी.टी.ची भीती काढून टाका. तुम्हाला खेळाडू घडवायचे नाहीत. पहिली ते तिसरीला पळणं, उडी, लंगडी, तोल, फेकणं, झेलणं एवढंच शिकवायचं असतं. पण ते शिकवायचं असतं, शिट्टी देऊन सोडून द्यायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज सरासरी साठ मिनिटं अंग हलवायला सांगते. तुमच्या आठवड्याच्या दोन तासांत ती भरून निघणार नाहीत, म्हणून त्या दोन तासांतलं एकही मिनिट रांगेत उभं राहण्यात जाऊ नये. कुठलाही खेळ निवडताना मी एकच बघते: दर क्षणाला किती मुलं हलताहेत?

या कसोटीला क्रिकेट पहिल्या फटक्यात बाद होतं. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी १९४६-४७च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली, त्या शहरात हे म्हणायला जड जातं. पण अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गात एक बॅट म्हणजे तीन मुलं खेळतात आणि पंचेचाळीस उन्हात उभी राहतात. तेच "आऊट" होण्याच्या खेळांचं. संगीत खुर्चीत पहिल्यांदा बाहेर बसतं ते सगळ्यात सावकाश मूल, म्हणजे ज्याला सराव हवा तेच. त्यापेक्षा विषामृत घ्या. पकडलेलं मूल जागच्या जागी थिजतं आणि मित्राने हात लावला की सुटतं. कुणी बाहेर जात नाही, आणि सोडवायला धावणाऱ्यांत हमखास एखादं असं मूल असतं ज्याला संघात कुणी घेत नाही. साखळी, डोंगर का पाणी हे तसेच. चौथी-पाचवीला लंगडी, खो-खो आणि हुतूतू. हुतूतूचे नियम बांधून अखिल भारतीय सामने भरवले ते बडोद्याच्याच हिंदविजय जिमखान्याने, १९२३ साली. मुलांना हे सांगितलं की खेळाला वजन येतं. मुलींना कबड्डीत हातचं राखून खेळवू नका.

झेलणं कसं शिकवायचं ते जरा जवळून बघा. सहा वर्षांचं मूल चेंडू येताना मान वळवतं, डोळे मिटतं आणि दोन्ही हात छातीशी आपटतं. रबरी चेंडू मग हनुवटीला लागतो आणि पुढच्या वेळी मान आणखी वळते. म्हणून चेंडूने सुरुवातच करू नका. जुन्या कापडाच्या तळहाताएवढ्या पिशव्या शिवून घ्या, आत चिंचोके भरा, पण गच्च नको, अर्ध्याहून थोडे जास्त. ही पिशवी उसळत नाही, लागत नाही, आणि बोटांत अडकते. आधी स्वतःच वर उडवून स्वतःच झेलायची, कपाळाच्या उंचीपर्यंतच. मग एक टाळी वाजवून झेलायची. मग जोडीदाराने दोन पावलांवरून खालच्या हाताने टाकायची. पिशवीवर रंगीत धाग्याची फुली शिवली की "फुलीकडे बघ" एवढंच सांगावं लागतं, आणि डोळे उघडे राहतात. साधारण दिवाळीपर्यंत वर्ग पिशवीवरून कापडी चेंडूवर येतो. पन्नास पिशव्यांना खर्च जवळपास नाहीच. पालकसभेत मागितलंत तर आज्या शिवून देतात.

काही गोष्टी झटपट सांगते. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या उन्हातही पी.टी. पहिल्या दोन तासांतच घ्या, त्यासाठी वेळापत्रक ठरतानाच भांडा. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षिकेकडून घेऊन खिशात ठेवा. पी.टी.च्या दिवशी मुलींनाही ट्रॅकपँट असू द्या. स्कर्ट एका हाताने धरून पळणारी मुलगी अर्ध्या अंगाने पळते. मैदानाला फेऱ्या ही शिक्षा म्हणून कधीच नको. सिस्टरांना शारीरिक शिक्षणाचं महत्त्व सांगताना डॉन बॉस्को या इटालियन कॅथलिक धर्मगुरूंचं नाव काढा. १९व्या शतकात तुरिनच्या गरीब पोरांना त्यांनी मैदान आणि बँड या दोन गोष्टींनी जवळ केलं, आणि शिक्षकाने खेळाच्या वेळी मुलांतच असावं असा त्यांचा आग्रह होता. बाकी जुम्मादादा आणि प्रा. माणिकराव यांची व्यायामशाळा ज्या गावात झाली, तिथल्या पालकांना अंगमेहनतीची किंमत समजावून द्यावी लागू नये, पण हल्ली लागते.

चित्रकलेत पहिलं काम एकच: फळ्यावर चित्र काढून "हे उतरवा" म्हणायचं थांबवा. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी. अठ्ठेचाळीस कागदांवर एकच चित्र, आणि त्यातली झोपडी बडोद्यातल्या एकाही मुलाने पाहिलेली नसते. पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला की मगरी रस्त्यावर येतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाच्या कानावर असतं. त्यांना मगर काढायला सांगा. एकाची मगर स्कूटरवर चढेल, एकीची सोसायटीच्या गेटवर वॉचमनशी बोलेल. मगरीला पाय किती, दात बाहेर दिसतात की नाही, यावर वर्गात वाद झाला की समजा तास चांगला झाला.

बघायला शिकवण्यासाठी माझा आवडता तास पानाचा. आवारातल्या आंब्याची किंवा आसोपालवाची पानं, प्रत्येकाला एक. ते रेघेनेच काढायचं, रंग नाही. मग सगळी पानं एका टोपलीत टाकायची, आणि आपापल्या चित्रावरून आपलं पान शोधून काढायचं. पहिल्या वेळी अर्ध्या मुलांना सापडत नाही, कारण त्यांनी "पान" काढलेलं असतं, त्यांच्या हातातलं पान काढलेलं नसतं. दुसऱ्या वेळी कुणी किडीने खाल्लेलं भोक काढतं, कुणी मुडपलेलं टोक. चित्रकला तिथून सुरू होते. कागद मोठा द्या, न्यूजप्रिंटही चालेल. रंगाच्या महागड्या पेट्या मागवू नका. गेरू, खडू, कोळसा, मेणखडू भरपूर झाले. पाण्याचे रंग काढायचे तेव्हा अर्ध्याच वर्गाला द्या, बाकीच्यांना मातीकाम. तिसरीनंतर वर्षातून एकदा कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा काढायला न्या, आणि पाचवीला कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं दाखवा.

डिसेंबरचा येशूजन्माच्या गव्हाणीचा देखावा हे तुमचं सोनं आहे. बाजारातून प्लॅस्टरच्या मूर्ती आणून मांडू नका, मुलांना करू द्या. १२२३ साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली तीही खरं गवत आणि खरे बैल-गाढव घेऊनच. आपल्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांत दिवाळीला मातीचा किल्ला होतो. तेच हात सहा आठवड्यांनी गोठा करतात. किल्ल्यावरचे मावळे मेंढपाळ झाले तरी बिघडत नाही. मरियेला निळाच झगा हवा का, असं मुलं विचारतात तेव्हा त्यांना अँजेलो दा फोन्सेका या गोव्याच्या कॅथलिक चित्रकाराची चित्रं दाखवा. ते शांतिनिकेतनला शिकले, पुण्यात राहिले, आणि त्यांची मरिया साडी नेसते. मग एखादीची मरिया पाटण पटोळा नेसून येईल. येऊ द्या.

ॲन्युअल डेला सिस्टरांना एकच विनंती करा: प्रत्येक वर्ग पूर्ण स्टेजवर, आणि रेकॉर्ड लावलेलं गाणं नाही. दुसरीची हाकेची गाणी, तिसरीचा टाळ्यांचा ताल, पाचवीची लेझीम, मागे पडद्यावर मुलांच्या मगरी. हे सगळं तासांत झालेलं असतं, त्यामुळे तालमीला शेवटचे दहा-बारा दिवस पुरतात, आणि अभ्यास बुडतो ही वर्गशिक्षिकांची तक्रारही राहत नाही. पहिल्या वर्षी झगमगाट कमी दिसेल. पालकांना आपलं मूल दिसलं की ते बाकीचं विसरतात.

गुणांचं म्हणाल तर प्राथमिकला गाण्याला आकडे देऊ नका. एक वही ठेवा, दर तासाला सहाच मुलांकडे नीट बघा आणि एकेक ओळ लिहा. आठ तासांत वर्ग पूर्ण होतो. प्रगतिपुस्तकावर "गाण्यात रस आहे" असं ठोकळेबाज लिहिण्यापेक्षा "आता प पर्यंत सुरात येते, ताल पक्का" हे आईला जास्त कळतं.

आणि गायनमंडळी हवीच, फक्त ती तुमच्या तासाबाहेर ठेवा. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा अर्धा तास, तिसरीपासून पुढे, ज्याला यायचं त्याला. चाचणी घेऊन कुणाला परत पाठवू नका. ज्यांचा सूर अजून पक्का नाही त्यांना दोन चांगल्या गळ्यांच्या मध्ये उभं करा. रिक्षावाल्यांच्या वेळा पालकांशी आधी बोलून घ्या, नाहीतर बडोद्यात शाळा सुटल्यानंतरचा कुठलाही उपक्रम पहिल्याच आठवड्यात तिथेच अडतो.